होमस्कूलिंग: अभ्यास होतोय पण घरातला दिवस बसत नाहीये, कसं करता तुम्ही?

सायली_धायरी

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय. मुलगी ८ वर्षांची, धाकटा साडेतीन. यंदा दुसरी झाल्यावर मुलीला जूनपासून घरीच शिकवायचं ठरवलं. कारणं बरीच आहेत पण मुख्य म्हणजे वर्षभर रोज सकाळी तिचं पोट दुखायचं आणि रविवारी कधीच दुखायचं नाही, डॉक्टरांनी दोनदा तपासलं, काही निघालं नाही. शाळा बंद केल्यापासून एकदाही दुखलेलं नाही, त्यामुळे निर्णयाबद्दल शंका नाही.

अभ्यासाचंही टेन्शन नाही, बालभारतीची पुस्तकं पीडीएफ मिळाली, वाचन तिचं चांगलंय. जमत नाहीये तो दिवस. नवरा साडेआठला हिंजवडीला जातो तो रात्रीच येतो. मी दुपारी २ ते ६ घरून अकाउंट्सचं काम करते. सकाळी मी टाइमटेबल लावलंय, ९ ते पावणेदहा गणित, मग मराठी, मग इंग्रजी, आणि गणित काढून बसलो की धाकटा तिच्या वहीवर रेघोट्या मारतो, कचऱ्याची गाडी येते, भांड्यांच्या मावशी येतात, सासूबाईंची गोळी द्यायची असते, कुकर लावायचा राहिलेला असतो आणि अकरापर्यंत माझा आवाज चढलेला असतो. परवा मी खूप ओरडले तर ती म्हणाली, "आई तू टीचरसारखं नको ना बोलूस." रात्रभर झोप लागली नाही मला.

त्यात सासूबाई आल्यागेल्याला सांगतात "ही शाळेत जात नाही हो" आणि पोर तिथेच उभी असते.

तुमच्याकडे दिवस कसा चालतो? कामाच्या चार तासांत मुलांचं काय करता? आणि कागदपत्रं काय सांभाळायची?

ओसरी

सायली, आमचा मुलगा आता १५ चा आहे, तिसरीपासून घरीच शिकतोय, नाशिकला असतो आम्ही. पहिल्या सहा महिन्यांत मी पण हेच केलं होतं, भिंतीवर टाइमटेबल आणि दाराला घंटा सुद्धा. पाऊण तासाची तासिका असते ती ४०-५० मुलांच्या वर्गासाठी, हजेरी, वह्या तपासणं, मागच्या बाकाला परत समजावणं सगळं त्यात येतं. एका मुलीला समोर बसवून गणित शिकवायला २०-२५ मिनिटं पुष्कळ झाली, त्यापुढे ताणलंस की तीही कंटाळते आणि तूही.

आम्ही शेवटी दोनच खुंट्या ठेवल्या. सकाळी खाणं झालं की एक तास गणित आणि लिखाण, आणि रात्री झोपताना मोठ्याने वाचन. बाकी दिवस या दोन खुंट्यांना टांगलेला, पुढेमागे झाला तर होऊ दे. तो सकाळचा तास मात्र कुकर, गोळी, मावशी सगळं आटोपल्यावरच सुरू कर, मग साडेदहा वाजले तरी चालेल. ९ चा हट्ट कशाला, बस पकडायची नाहीये कुणाला.

आणि घरकाम अभ्यासाच्या आड येतं असं तुला वाटतंय ना, तिथेच तुझी दमछाक होतेय. आमच्याकडे नवीन सिलेंडर आला की मुलगा कॅलेंडरवर तारीख लिहायचा, १४.२ किलो गॅस किती दिवस पुरला, रोजचा किती ग्रॅम पडला, दिवाळीच्या फराळाच्या महिन्यात किती वाढला. भागाकार आणि दशांश त्याला यातून आले. सिलेंडरच्या कड्यावर बी-२७ वगैरे लिहिलेलं असतं ती तपासणीची मुदत, बी म्हणजे एप्रिल ते जून, हे त्यानेच मला शोधून सांगितलं. लाइटचं मीटर रोज रात्री ८ ला बघून वहीत लिहायचं, महिन्याचे १०० युनिट ओलांडले की पुढच्या युनिटला जास्त दर लागतो हे कळल्यावर पंखे बंद करत फिरायचा घरभर.

धाकट्याला ताईच्या वेळी "गप्प बस" म्हणू नकोस, त्याला त्याचं काम दे. परातीत राजमा आणि चवळी मिसळून निवडायला द्यायची, अर्धा तास जातो. फक्त नाकात घालणार नाही एवढं लक्ष ठेव.

मुठाकाठ

मी बाबा आहे, दोन्ही मुलं घरी शिकतात, राहायला सिंहगड रोडलाच. पुण्यात असाल तर आत्ता जुलै चालू आहे, हा महिना वाया घालवू नका. आम्ही दर पावसाळ्यात चारही धरणांचा तक्ता करतो. खडकवासला १.९७ टीएमसी, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, सगळी भरली की २९.१५. रोज पेपरमधला साठा लिहायचा, टक्के काढायचे, कागदावर आलेख. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर, एवढे शून्य लिहायला मुलांना फार आवडतं. खडकवासला सगळ्यात लहान आणि सगळ्यात खाली, म्हणून आधी तिथूनच पाणी सोडावं लागतं आणि मग भिडे पूल बुडतो, हे माझ्या मुलीला नकाशाशिवाय सांगता येतं कारण विसर्ग वाढला की आम्ही लांबून बघायला जातो.

संध्याकाळी मी आलो की दोन तास मुलं पूर्ण माझी, बायको त्या वेळात कोणाशीही बोलत नाही, एकटी फिरायला जाते. नवऱ्याशी हे स्पष्ट बोला. रोज रात्री उशीर होत असेल तर शनिवार-रविवारची सकाळ तरी त्यांनी घ्यावी.

शाळाबाई

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते, २१ वर्षं झाली. मला होमस्कूलिंग मनापासून पटत नाही, ते आधीच सांगते. डब्यातली भाजी बदलून खाणं, भांडण झाल्यावर दुसऱ्या दिवशी परत त्याच मुलीशेजारी बसणं, हे घरात कुठून आणणार? पण रोज पोटात दुखणाऱ्या लेकराला ढकलत राहावं असंही मी म्हणणार नाही. तेव्हा निदान रोज संध्याकाळी इतर मुलांमध्ये जाऊ द्या, मैदान, खो-खो, जे असेल ते, आणि तीच तीच मुलं भेटू देत, रोज नवी नकोत.

कागदांचं सांगते. शाळा सोडल्याचा दाखला घेतला नसेल तर आधी घ्या, नाहीतर तिचं नाव पटावर आणि ती गैरहजर असं राहतं. तो दाखला लॅमिनेट न करता जपा, पुढे जातीच्या दाखल्याला, पडताळणीला लागतो. आम्ही शिक्षक शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला दारावर येतो, तेव्हा घाबरू नका, तारखा घातलेल्या वह्या आणि वाचलेल्या पुस्तकांची यादी दाखवा. आणि शिक्षण हक्क कायद्यानुसार १४ वर्षांपर्यंत वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे उद्या तिलाच परत यावंसं वाटलं तर दार बंद नाही. हे तिलाही सांगून ठेवा.

ओसरी

शाळाबाईंचं दाखल्याचं अगदी बरोबर. पुढचं सांगते, आमचा मुलगा आता एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळेच्या बोर्डातून, दहावी करतोय. वय १४ पूर्ण लागतं, पाच विषय, त्यात किमान एक भाषा, मराठी माध्यमही आहे. एकदा नोंदणी केली की पाच वर्षं चालते आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी, त्यामुळे आम्ही आधी दोनच विषय दिले. तुला अजून सहा वर्षं आहेत, आत्ता त्याचा विचारही करू नकोस.

कमलआजी

सायली, मी तुझ्या सासूबाईंच्या वयाची. तुझी चिडचिड कळते ग, पण त्यांनाही कोणीतरी विचारत असेल "नात का घरी?" आणि त्यांना उत्तर देता येत नसेल. तू त्यांना नीट बसून सांगितलंस का कधी, पोटदुखीचं सगळं? आम्हाला कोणी सांगत नाही, मग आम्ही जे दिसतं ते बोलतो. दुपारचे दोन तास त्यांच्याकडे दे. मी नातवाला पाढे शिकवले, पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) सुद्धा, गोधडीचा धावदोरा शिकवला, आता त्याची पहिली गोधडी त्याच्या बाबाच्या अंगावर असते. गुडघे दुखले तरी बसून होतं हे सगळं.

सायली_धायरी

सगळ्यांचे खूप आभार, आठवड्याने लिहितेय. टाइमटेबल काढून टाकलं. आता साडेदहाला बसतो, तासाभरात उठतो, या आठवड्यात दोनदाच आवाज चढला.

कमलआजी, तुमचं वाचून त्याच रात्री सासूबाईंशी बोलले. त्यांना पोटदुखीचं माहितीच नव्हतं, त्यांना वाटत होतं फी परवडत नाही म्हणून काढलं आणि आपल्या औषधांचा खर्च आहे म्हणून त्या गप्प होत्या. मी खूप रडले. आता ३ ते ४ मुलगी त्यांच्याजवळ, त्या तिला विणायला शिकवतायत आणि तिच्याकडून मोबाइलवर मराठी टाइप करायला शिकतायत. काल शेजारच्या काकू आल्या तर म्हणाल्या, "ती घरी शिकते, आणि मी पण."

४ ते ६ अजून अवघडच आहे, धाकटा कॉलच्या मध्येच येतो आणि मी कार्टून लावून देते, यावर काही सुचत असेल तर सांगा. दाखल्याचा अर्ज दिलाय, सोमवारी बोलावलंय. धरणांचा तक्ता फ्रिजवर लागलाय. आणि शाळाबाई म्हणाल्या तसं, तीच तीच मुलं हवीत, तर धायरी, नऱ्हे, वडगाव भागात ७ ते १० वयाची मुलं असलेलं कोणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रोज साडेसहाला आमच्या सोसायटीच्या मागचं मैदान मोकळं असतं.