शायेन, १९९६: इंजिन चालू होतं, तरी विमान का पडलं?

प्रश्न: मुलगी यंदा वैमानिक प्रशिक्षणाला जातेय. विमान चालवत अमेरिका ओलांडण्याच्या विक्रमासाठी निघालेल्या सात वर्षांच्या जेसिका डुब्रॉफच्या अपघाताबद्दल वाचलं आणि झोप उडाली. उड्डाण होताच विमान कसं कोसळलं?

उत्तर: ताई, मी बावीस वर्षं उड्डाण शिकवलं. हा अपघात प्रत्येक तुकडीला फळ्यावर मांडायचो. ११ एप्रिल १९९६, अमेरिकेतलं शायेन. धावपट्टीच समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांवर, हवा विरळ. पंखांना उचल कमी, इंजिनालाही दम कमी. त्यात त्यांचं छोटं विमान, सेसना १७७, मर्यादेपेक्षा जड, आणि समोर वादळी पाऊस. वेग घटला, विमान स्टॉल झालं, म्हणजे इंजिन चालू असूनही पंखांची उचल तुटली. जेसिका, तिचे वडील, प्रशिक्षक, तिघंही गेले. निघायचा निर्णय प्रशिक्षकाचा होता. त्या पोरीला कुणी दोष दिला की मला आजही राग येतो.

दुसरं उत्तर: त्याच वर्षी तिथे कायदा झाला. परवाना नसलेल्याने विक्रमासाठी विमान हाती घ्यायचं नाही.

प्रश्न: काका, मग लेकीला काय सांगू?

उत्तर: वजनाचा हिशेब दर खेपेला स्वतः करायचा. मी विद्यार्थ्यांची पाठपिशवीसुद्धा काट्यावर ठेवायचो. आणि समोर ढग गडगडत असतील तर कुणी कितीही घाई करो, विमान जमिनीवरच ठेवायचं.