नाशिकमध्ये पोस्टडॉक: प्रशिक्षण, स्वयंसेवा आणि अडचणीत आधार कुठून मिळवायचा?

गोदाकाठ (प्रश्न)

गंगापूर रोडवरच्या एका महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात केंद्र सरकारच्या प्रकल्पावर रिसर्च असोसिएट म्हणून नुकताच रुजू झालोय. विषय द्राक्षावरची भुरी, म्हणजे वेलीवर पांढरी भुकटी धरणारा बुरशीचा रोग. इथे पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधकांसाठी, वेगळं कार्यालय नाही, आस्थापना विभागाला तर 'पोस्टडॉक' म्हणजे विद्यार्थी की कर्मचारी हेच ठरवता येत नाही. माहिती हवी आहे ती अशी:

कोणतं प्रशिक्षण पुढे खरंच उपयोगी पडतं? शाळांमध्ये किंवा इतरत्र विज्ञानाचं स्वयंसेवी काम करायचं असेल तर सुरुवात कशी करायची? पैसे उशिरा आले, वरिष्ठांशी बिनसलं, तर दाद कुठे मागायची? आणि हे सगळं शनिवार-रविवारी उरकायचं की कामाच्या वेळेत मागता येतं? सर 'बघू' म्हणतात.

प्रयोगवही

शेवटचा प्रश्न आधी घेतो, बाकीचं त्यावरच अडतं. कामाच्या वेळेत मागता येतं. डीएसटीचं (केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचं) ३० जानेवारी २०१९ चं मेमोरँडम उतरवून घ्या. जेआरएफ-एसआरएफना (कनिष्ठ आणि वरिष्ठ संशोधन फेलोंना) फक्त किरकोळ रजा, रिसर्च असोसिएटना यजमान संस्थेच्या नियमांप्रमाणे रजा, आणि तिघांचाही वैज्ञानिक कार्यक्रमातला किंवा कार्यशाळेतला सहभाग 'ऑन ड्युटी' धरायचा, असं त्यात स्पष्ट आहे. देशातल्या अशा प्रवासाला रेल्वेचा टू-एसी वर्गही त्यातच आहे. (पंचवटी एक्स्प्रेसला टू-एसी नसतोच. एसी चेअरकारचं तिकीट जोडा, लेखा विभागाशी वाद घालत बसू नका.) तुमचा प्रकल्प दुसऱ्या खात्याचा असेल तर मंजुरीपत्रात हेच नियम लावलेत का, तेवढं पाहून घ्या.

'बघू' का येतं? 'सर, एक कार्यशाळा आहे, जाऊ का?' या वाक्यात तारीख नाही, खर्च कुठल्या शीर्षातून ते नाही, आणि मागे प्रयोगाचं काय होणार तेही नाही. एका पानाचा अर्ज करा आणि त्यात निम्मी जागा प्रयोगाला द्या. भुरी पेट्रीडिशमधल्या माध्यमावर वाढत नाही, जिवंत पानावरच सांभाळावी लागते. तुम्ही चार दिवस गेलात आणि तोडून ठेवलेली पानं पिवळी पडली की बुरशीचा जपलेला सगळा वाण हातचा गेला. सरांच्या मनातली खरी भीती ही आहे. म्हणून असं लिहा:

'दि. … ते … या ३ कामाच्या दिवसांत … येथील कार्यशाळेस उपस्थित राहण्याची परवानगी मिळावी. हा कालावधी ऑन ड्युटी धरावा. नोंदणी शुल्क व प्रवासखर्च प्रकल्पाच्या प्रवास शीर्षातून करावा. निघण्याच्या आदल्या दिवशी सर्व वाण ताज्या पानांवर घेतले जातील, प्रत्येकाचे दोन संच राहतील. मधल्या काळातली पाहणी … करतील.'

या अर्जाला 'बघू' म्हणणं जड जातं. वर्षाच्या सुरुवातीलाच एकूण किती दिवस, हेही बोलून घ्या. ब्रिटनमध्ये संशोधकांच्या विकासासाठीचा २०१९ चा करार आहे, त्यात वर्षाला किमान १० दिवस व्यावसायिक विकासासाठी मोकळे ठेवायची अपेक्षा आहे. आपल्याकडे तो लागू नाही, पण बोलणी सुरू करायला १० हा आकडा बरा. सहावर जरी ठरलं, तरी लेखी घ्या.

आता प्रशिक्षण. तुमच्या कामात सगळ्यात आधी संख्याशास्त्र आणि त्यासाठीची 'आर' ही संगणकभाषा. भुरीची तीव्रता ० ते ४ अशा श्रेणीत मोजून तिची सरासरी काढणं आणि त्यावर सरळ अनोव्हा (गटांच्या सरासरींतला फरक तपासणारी चाचणी) लावणं हा नेहमीचा घोळ, आणि शोधनिबंधाचे परीक्षक तिथेच पकडतात. एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर) या विषयांचे ४, ८ आणि १२ आठवड्यांचे अभ्यासक्रम जानेवारी आणि जुलैच्या सत्रात लागतात. शिकणं फुकट, परीक्षेला १,००० रुपये. घोळ दोन ठिकाणी होतो. अभ्यासक्रमाला नाव घातलं की परीक्षेची नोंदणी आपोआप झाली असं वाटतं; ती वेगळी करावी लागते. आणि एकूण ४० गुण झाले की पास, हाही गैरसमज. गृहपाठात २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०, दोन्ही वेगवेगळे हवेत. १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम ८ गृहपाठ धरतात, तेव्हा द्राक्षाच्या हंगामात एक-दोन बुडाले तरी बिघडत नाही. एका सत्रात एकच घ्या. तीन-तीन घेणाऱ्यांचे तिन्ही अर्धवट राहतात.

गिट, पायथन, आर यांचे धडे 'द कार्पेंट्रीज' या संशोधकांना संगणककौशल्यं शिकवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरही मोफत आहेत. मुळात दोन दिवसांच्या कार्यशाळेसाठी लिहिलेले, त्यामुळे एकट्याने करताना रोज तासभर धरला तर दोन आठवडे जातात.

आणखी एक बारीकसं काम आजच करा. ऑर्किडच्या (ORCID, संशोधकाच्या कायमच्या ऑनलाइन ओळखक्रमांकाच्या) खात्यात संस्थेचा ईमेल एकट्याने ठेवू नका, खासगी पत्ता जोडा. करार संपला की संस्थेचा ईमेल बंद होतो, पासवर्ड बदलायची लिंक त्याच मेलवर जाते, आणि सोळा आकडी ओळख हातून सुटते. शोधनिबंधातल्या पत्रव्यवहाराच्या पत्त्यालाही हेच लागू.

हिशेबनीस

पैसे उशिरा का येतात ते कळलं की निम्मा त्रास कमी होतो. पुढचा हप्ता सुटायला आधीच्या आर्थिक वर्षाचं उपयोगिता प्रमाणपत्र आणि खर्चाचं विवरण जावं लागतं. प्रमाणपत्राचा नमुना जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) १२-ए. वर्ष ३१ मार्चला संपतं, प्रकल्पप्रमुखाची सही, लेखा विभागाची सही, लेखापरीक्षकाची सही या फेऱ्यात एप्रिल जातो, आणि मग मे-जूनमध्ये पगार अडकला म्हणून बोंब होते. बहुतेक वेळा वरून पैसे थांबलेले नसतात, कागद इथल्याच टेबलावर पडलेला असतो.

तुमच्या हातात काय आहे? मार्चच्या पहिल्या आठवड्यात लेखा विभागात जाऊन विचारायचं की विवरणात कुठल्या पावत्या कमी आहेत. तुमच्या खरेदीच्या असतील तर त्याच दिवशी द्या. हजेरीचा अहवाल दर महिन्याच्या २५ तारखेला स्वतः नेऊन द्या, कुणी मागेल याची वाट पाहू नका. रुजू अहवालावरची तारीख आणि मंजुरीपत्रातली तारीख जुळत नसेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या, नाहीतर वर्षअखेरीस लेखापरीक्षक आक्षेप काढतो आणि त्या फरकाच्या दिवसांचे पैसे परत मागितले जातात.

रकमांचं: १ जानेवारी २०२३ पासून लागू दरांत रिसर्च असोसिएट-१ ला दरमहा ५८,०००, २ ला ६१,००० आणि ३ ला ६७,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता. या भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग आहेत आणि झेडचा दर सगळ्यात कमी; नाशिक 'वाय' वर्गात मोडतं. काही लेखा विभाग सवयीने 'झेड'चा दर लावतात, कारण संस्थेचा पत्ता ग्रामपंचायत हद्दीतला असतो. तुमचं गंगापूर रोडचं ठिकाण महापालिकेत येत असेल तर पावती एकदा तपासाच.

निदान तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. हे मात्र कुठल्याही मेमोरँडममध्ये नाही.

कांदेपात

स्वयंसेवेबद्दल. 'विज्ञानाची गोडी लावणार' अशा बाण्याने शाळेत गेलात तर एक भाषण होतं, पुष्पगुच्छ मिळतो आणि विषय संपतो. एकच प्रयोग घ्या आणि तो चार शाळांत करा.

कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी घ्या, नाशिकमध्ये कांदा मागायला लाजायचं कारण नाही. वर्ग ४० मुलांचा, तास ३५ मिनिटांचा धरा. सूक्ष्मदर्शक ८ हवेत, दर गटात ५ मुलं. शाळेत बहुधा दोनच चालू असतात, म्हणून आदल्या दिवशी जाऊन आरसे आणि भिंगं तपासा, कमी पडतील तेवढे महाविद्यालयातून लेखी परवानगीने आणा. पापुद्रा कांद्याच्या मांसल पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा काढायचा. बाहेरचा जाड निघतो आणि गुंडाळतो. काचपट्टीवर आधी पाण्याचा थेंब, त्यावर पापुद्रा सपाट, मग पातळ आयोडीनचा एक थेंब, दोन मिनिटं थांबायचं. आच्छादन काच तिरकी टेकवून सुईने हळू खाली आणायची. ती वरून टपकन टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात, आणि काळ्या जाड कडेचे ते गोल बघून वर्गातली निम्मी मुलं 'दिसली पेशी!' म्हणून ओरडतात. त्यांना चूक म्हणू नका. काच बोटाने हलके दाबायला सांगा. जे सरकतं ते बुडबुडं, जे विटांसारखं ओळीत जागच्या जागी राहतं त्या पेशी. सुरुवात कायम १० पटीच्या भिंगाने. थेट ४० वर गेलं की काच फुटते, आणि शाळा पुन्हा बोलावत नाही.

परवानगी: खासगी अनुदानित शाळेत मुख्याध्यापकांना पत्र दिलं की पुरतं. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात अर्ज देऊन मग जा, म्हणजे मुख्याध्यापकांची अडचण होत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीची गडबड असते, तेव्हा २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन सोडून कुणाला वेळ नसतो. दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यात मोकळे.

शाळा नको असेल तर पक्षीगणना बघा. फेब्रुवारीतल्या जागतिक पक्षीगणनेला किमान १५ मिनिटं एका जागी मोजणी करून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकायची असते. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), तिथे नवख्यांना पक्षी ओळखायला मदत करणारे हात कायम कमी पडतात. भुरीवाल्याला पक्ष्यांचं काय, असं म्हणाल. पण नोंदी कशा घ्यायच्या, 'क्ष' (पक्षी दिसला, पण मोजला नाही) कधी लिहायचं आणि अंदाजे आकडा कधी टाकायचा नाही, हे शिकवायला तुमच्यासारखाच माणूस लागतो.

निफाडी

प्रयोगवहींनी म्हटलं ते मान्य, पण नोकरीच्या हिशेबात एनपीटीईएलच्या प्रमाणपत्रांना फार भाव देऊ नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाच्या छाननीचे तक्ते आहेत, विद्यापीठांसाठी ३-अ आणि महाविद्यालयांसाठी ३-ब. पोस्टडॉक किंवा अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला २ गुण, जास्तीत जास्त १०. शोधनिबंधाला प्रत्येकी २; विद्यापीठात कमाल १०, महाविद्यालयात कमाल ६. ऑनलाइन अभ्यासक्रमाचा रकानाच नाही. स्वयंसेवेचाही नाही.

वर्षापेक्षा कमी काळ असेल तर गुण त्या प्रमाणात: ७ महिने म्हणजे १.१७. म्हणून अनुभवपत्रावर 'सुमारे एक वर्ष' असं कुणी लिहिलं तर घेऊ नका. रुजू तारीख, मुक्त तारीख, पद, पूर्णवेळ की अर्धवेळ आणि दरमहा रक्कम एवढं असायलाच हवं. हे पत्र संस्था सोडायच्या आधी घ्या. प्रकल्प बंद झाल्यावर सही करणारे सर निवृत्त झालेले असतात.

हे गुण मुलाखतीला बोलवायचं की नाही एवढ्यापुरतेच, निवड मुलाखतीवर. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या नियमांचा मसुदा काढला, तेव्हा जाहिरातीत कुठले नियम लावलेत ते आधी वाचा, मग बेरीज करा.

प्रयोगवही

@निफाडी, गुणांचा हिशेब बरोबर. मी प्रमाणपत्रासाठी नाही, परीक्षकाने परत पाठवू नये म्हणून आर शिका म्हणतोय. त्या ६ गुणांचे शोधनिबंध त्यातूनच निघायचे आहेत.

सूक्ष्मदर्शी

दाद मागण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. लैंगिक छळाची तक्रार संस्थेच्या अंतर्गत समितीकडे, घटनेपासून ३ महिन्यांच्या आत, लेखी. २०१३ च्या कायद्यात हंगामी आणि कंत्राटी माणसंही येतात, त्यामुळे 'तुम्ही कायम नाही' हे कारण चालत नाही. निबंधावरच्या नावांच्या क्रमावरून बिनसतं ते वेगळं प्रकरण. त्यावर औषध एकच, प्रयोग सुरू करतानाच कोण काय करणार ते ईमेलवर लिहून ठेवणं.

झोप उडाली, कामात मन लागेना, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे. मराठीत बोलता येतं. तो फक्त टोकाला गेलेल्यांसाठी असतो असं समजून लोक उगाच थांबतात.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. एकच शंका: याच महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवलं तर तो अनुभव वेगळा धरतील का?

निफाडी

तक्त्यात अध्यापन आणि पोस्टडॉक यांचा रकाना एकच आहे, एकाच काळाचे गुण दोनदा मागून उपयोग नाही. आणि मानधन घ्यायच्या आधी नेमणूक पत्र वाचा. पूर्णवेळ पदावर असताना दुसरं मानधन घ्यायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, आणि लेखापरीक्षणात सापडलं तर वसुली लागते. शिकवायची हौस असेल तर विनामोबदला आठवड्याला दोन तास घ्या, सरांचं ना-हरकत आणि प्राचार्यांचं पत्र दोन्ही ठेवा.

हिशेबनीस

आणि हे जे जे अर्ज वर सुचवलेत त्यांची पोच घ्या. नुसता गोल शिक्का नको, आवक क्रमांक आणि तारीख टाकून घ्या. शिक्का कुणीही मारतं, आवक रजिस्टरात मागून नोंद घुसवता येत नाही.