अनुभव धागा : फिनलंडची शाळा, पेन्कारितचे ट्रक आणि ‘वान्हात’चा नाच

रोटरी किंवा एएफएससारख्या संस्थांतर्फे विद्यार्थी एक्स्चेंजला फिनलंडला गेलेली आपली बरीच मुलं आहेत. हेलसिंकी-एस्पोकडे नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही आहेत. फेब्रुवारीतल्या त्या दोन दिवसांबद्दल सगळ्यांनी एकदा सविस्तर लिहावं, असं फार दिवस मनात होतं. सुरुवात मी करते.

जे गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: लुकिओ म्हणजे तिथलं उच्च माध्यमिक, साधारण तीन वर्षांचं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना आबी म्हणतात. त्यांच्या बोर्डाच्या परीक्षेचा मुख्य हंगाम मार्चमध्ये असतो, म्हणून फेब्रुवारीच्या मध्याला एका गुरुवारी त्यांचे नेहमीचे तास संपतात. तो दिवस पेन्कारितचा. आबी गेले की दुसऱ्या वर्षाची मुलं शाळेत सगळ्यांत थोरली ठरतात आणि शुक्रवारी लगेच नाचून तो मान मिरवतात. ही मुलं म्हणजे वान्हात, ‘म्हातारे’. मुली पायघोळ गाऊनमध्ये, मुलगे फ्राक्कीत, म्हणजे मागे शेपटं असलेल्या काळ्या कोटात. पूर्वी आजी-आजोबांच्या काळातले कपडे घालत, गाऊनचा थाट नंतरचा.

मी टांपेरेला होते. नाच व्यायामाच्या तासाला शिकवायचे आणि तिथे चांगलं नाचणाऱ्यांनाच निवडायचं असं नव्हतं. आपल्या गॅदरिंगला ज्यांना नाचाचं अंग आहे ते स्टेजवर जातात, बाकीचे टाळ्या वाजवतात. इथे ज्याने नाव दिलं तो नाचणार, मग त्याला ताल असो वा नसो. पहिला नाच पोलोनेसी. त्यात खरं तर चालायचंच असतं. जोड्या हात धरून येतात, एक डावीकडे वळते, एक उजवीकडे, मागच्या टोकाला भेटून चौघांची रांग होते, मग आठांची. पण मला आठवतो तो जोडीदार बदलत जाणारा नाच. काही ठेक्यांनंतर मुली पुढे सरकतात आणि समोर नवीन मुलगा. सप्टेंबरपासून माझ्याच वर्गात बसणारी, मान खाली घालून शेजारून जाणारी मुलं एकामागून एक माझा हात धरत होती आणि प्रत्येक जण ‘मोई’, म्हणजे ‘हाय’, म्हणत होता. सोमवारपासून कॉरिडॉरमध्येही म्हणायला लागले. तोवर मला वाटायचं की मी त्यांना नकोशी आहे. तसं काहीच नव्हतं. परक्याशी आपणहून बोलायला जायची तिथे पद्धतच कमी, आणि त्या नाचाने ती अडचण सोडवून टाकली.

आता तुम्ही लिहा.

*

एस्पो, एका मुलीची आई

आमची लेक इथेच वाढली, त्यामुळे एक्स्चेंजचा अनुभव नाही, पण आईच्या बाजूने लिहिते. गाऊनच्या किमती पाहून छातीत धस्स झालं होतं. मग कळलं की आदल्या वर्षी नाचलेल्या मुली आपले गाऊन विकतात, आणि निम्मा वर्ग तेच घेतो. लेकीने गर्द हिरवा घेतला. लांबी जास्त होती. आमच्या आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, नाशिकहून आल्या होत्या त्या, तो खाली उसवून हाताने पुन्हा दुमडला. आतली कडक जाळी पायात यायची, तिला त्यांनी साडीचा फॉल लावतात तसा मऊ पट्टा लावला. सकाळी उणे बारा तापमान. गाऊनखाली लोकरी पायजमा आणि बर्फातले बूट, नाचायचे सँडल पिशवीत, वरून माझा लांब कोट. बसमध्ये अशा पाच-सहा राजकन्या, सगळ्यांचे घोळ मांडीवर गोळा केलेले.

तिची जोडीदार तिची मैत्रीणच होती. लुकिओत मुलींची संख्या जास्त, त्यामुळे मुली-मुलींच्या जोड्या सर्रास असतात आणि त्याबद्दल कुणी भुवई उंचावत नाही. सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, “दोघींपैकी पुढे कोण पाऊल टाकतं?” नंतर पूर्ण वेळ त्यांचं लक्ष गाऊनच्या त्या दुमडलेल्या काठावर होतं.

*

सांगलीचा, पश्चिम फिनलंडमधल्या छोट्या गावात वर्षभर

मला वॉल्ट्झ येईना. साधा यायचा, पण व्हिएनीज वॉल्ट्झ म्हणजे गरगर फिरत पुढे जायचं. माझ्या यजमान घरातल्या आजीने, मुम्मोने, हे मनावर घेतलं. जेवणं झाली की स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सरकवायची आणि “युक्सी, काक्सी, कोल्मे” मोजत मला फिरवायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला फिनिश जेमतेम. माझा उजवा खांदा ती हाताने दाबून धरायची, कारण मी तो वर उचलायचो. पायांकडे बघितलं की हनुवटीला बोट लावायची.

आमच्या शाळेने दिवसभरात तीनदा नाच केला: सकाळी शाळेतल्या मुलांसमोर, संध्याकाळी पालकांसमोर आणि मध्ये गावातल्या वृद्धाश्रमात. त्या दुपारबद्दल मी इथे कोल्हापूर-सांगलीत अनेकांना सांगितलंय. केह्रूवाल्सी सुरू झाला. वॉल्ट्झचा जुना प्रकार, तिथल्या आजी-आजोबांच्या तरुणपणी सगळ्यांना येणारा. व्हीलचेअरवरचे एक आजोबा खुर्चीच्या हातावर ठेका धरून होते आणि त्यांचा ठेका आमच्यापेक्षा पक्का होता. नाच संपल्यावर शिक्षिकेने त्यांना वाकून नमस्कार केला, आम्हीही केला. शिक्षिकेला सगळे पहिल्या नावाने हाक मारायचे. मला ते शेवटपर्यंत जड गेलं, मी नाव टाळून “माफ करा” म्हणून बोलणं सुरू करायचो.

मुम्मो संध्याकाळच्या नाचाला आली होती. पहिल्या रांगेत बसून खांद्याकडे बोट दाखवत होती.

*

तुर्कूला एमएस करताना

मी फक्त पेन्कारित पाहिलंय, रस्त्याच्या कडेला उभं राहून. मालवाहू ट्रकच्या बाजूंना रंगवलेल्या चादरी आणि फलक, त्यावर शिक्षकांना काढलेले चिमटे, वर नाना सोंगं घेतलेली आबी मुलं बेंबीच्या देठापासून ओरडतायत आणि मुठी भरभरून चॉकलेट-गोळ्या उधळतायत. बालवाडीची पोरं पिशव्या घेऊन फुटपाथवर. एरवी बसस्टॉपवर दोन हात अंतर ठेवून उभं राहणारं शहर त्या तासाभरात वेगळंच असतं. खाली पडलेल्यांत साल्मियाक्कीच्या काळ्या खारट गोळ्याही असतात, नवख्यांनी जपून. शाळेच्या आत लिपस्टिक घेऊन आबी फिरतात आणि धाकट्यांच्या गालांवर रंगवतात, असं माझ्या रूममेटने सांगितलं. तिच्या धाकट्या भावाचा गाल दोन दिवस गुलाबी होता.

*

पुण्याची, ओउलूला राहिलेली

सगळे फेब्रुवारीबद्दल लिहितायत, मी मे अखेरबद्दल लिहिते, कारण माझ्या यजमान बहिणीची टोपी मी पाहिली. लुकिओची ती बोर्डाची परीक्षा, यलिओप्पिलासतुत्किंतो, १८५२ पासून चालत आलेली आहे, २०१९ पासून पूर्णपणे संगणकावर होते. पास झाल्यावर शाळेत पांढरी टोपी, काळ्या चकचकीत पुढ्याची. सगळ्यांनी एकदमच घालायची. त्या समारंभात ‘सुविविर्सी’ हे उन्हाळ्याचं स्तोत्र म्हणतात, त्याला माझ्या यजमान बाबांचे डोळे भरून आले, आणि ते माणूस एरवी ‘हं’पलीकडे जात नसत. मग घरी पाहुणे, सँडविचचा केक, आणि प्रत्येक जण एकेक गुलाब घेऊन येतो.

महिनाभर आधी वाप्पूला, म्हणजे १ मेच्या सणाला, घरातल्या मोठ्यांनी आपापल्या जुन्या टोप्या घालायला बाहेर काढल्या होत्या. आजीची पार पिवळी पडलेली. मी विचारलं धुता का नाही, तर सगळे हसले. ती धुवायची नसते.

*

प्रश्न, नागपूरहून

भाची ऑगस्टमध्ये चालली आहे. नाच सक्तीचा असतो का? फार मोठा खर्च निघेल का?

धागाकर्ती

सक्ती नाही. नाचाचा कोर्स ऐच्छिक असतो, पण नाव नोंदवावं लागतं आणि ते शरदातच, त्यामुळे गेल्या गेल्या तिने शिक्षकांना विचारावं. ती पहिल्या वर्षाच्या वर्गात बसत असली तरी विचारावं, बऱ्याच शाळा एक्स्चेंजच्या मुलांना वान्हातमध्ये घेतात. गाऊन इथून नेऊ नका, बॅगेत जागा फुकट जाते. यजमान घरातून, ओळखीतून किंवा जुना विकत मिळतो. मुलगे फ्राक्की भाड्याने घेतात. पार्लरवर पैसे घालवायची गरज नाही, मैत्रिणी एकमेकींचे केस करतात. आणि दुपारचं जेवण शाळेत सगळ्यांना मोफत असतं, नाचाच्या दिवशीसुद्धा. शाकाहारी असेल तर सुरुवातीलाच कळवायचं.

फिनलंडमधल्याच स्वीडिश भाषेच्या शाळेत कुणी वर्ष काढलं असेल तर जरूर लिहा. तिथेही हे दोन दिवस असतात, नावं वेगळी. वासा किंवा पोर्व्होकडचं कुणी आहे का?