पॅरलल पोर्टचा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर नव्या संगणकाला कसा जोडावा?

प्रश्न

आमच्या आडतीच्या दुकानात नऊ पिनांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर वीस वर्षांपासून आहे. शेतकऱ्याची, खरेदीदाराची आणि दुकानाची अशा पट्टीच्या (मालविक्रीच्या हिशोबाच्या कागदाच्या) तीन प्रती कार्बनमुळे एकदमच निघतात, त्यामुळे लेझर प्रिंटर आमच्या कामाचा नाही. जुना संगणक बंद पडला. नव्याला पॅरलल पोर्टच (प्रिंटरची केबल लावायची जुन्या पद्धतीची जोडणी) नाही. पट्ट्यांचा डॉस या विंडोजआधीच्या जुन्या प्रणालीतला प्रोग्राम ६४ बिटच्या विंडोजवर चालत नसल्याने त्यावर ३२ बिटचे विंडोज १० घातले आणि यूएसबीची पॅरलल केबल आणली. नोटपॅडमधून छपाई होते. प्रोग्राममधून मात्र प्रिंटर तयार नसल्याचा संदेश येतो. दोष केबलचा आहे की प्रिंटरचा?

प्रतिसाद १

नोटपॅडमधून छपाई होते, त्या अर्थी दोघांतही दोष नाही. या केबलमुळे विंडोजला प्रिंटर ‘यूएसबी००१’ या पोर्टवर दिसतो आणि आपला प्रोग्राम तो ‘एलपीटी१’ या पहिल्या पॅरलल पोर्टवर शोधतो, जो नव्या संगणकात अस्तित्वातच नाही. प्रिंटर शेअर करून त्याला मोकळी जागा नसलेले छोटे नाव द्यावे, उदाहरणार्थ ‘पट्टी’. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये पुढील आज्ञा द्यावी (आज्ञा आणि नावे अर्थातच रोमन लिपीत): नेट यूज एलपीटी१: \\संगणकाचे-नाव\पट्टी /पर्सिस्टंट:येस. ज्या खात्यातून प्रोग्राम चालवता, त्याच खात्यातून ती द्यावी.

प्रतिसाद २

वरील उपाय योग्य आहे, परंतु जे प्रोग्राम डॉसला न विचारता ३७८ या हेक्स पत्त्यावरील पोर्टशी थेट बोलतात, त्यांना तो लागू पडत नाही. पॅरलल पोर्टचे पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसवले तरी त्याला बहुधा वेगळाच पत्ता मिळतो, म्हणून कार्डावर खर्च करण्याआधी ही आज्ञा करून पाहावी. आणखी एक कळकळीची विनंती: प्रिंटरच्या बाजूची ३६ पिनांची केबल काढताना किंवा लावताना प्रिंटर आणि संगणक दोन्ही बंद असू द्यावेत. चालू स्थितीत ती ओढल्यास प्रिंटरचा इंटरफेस जळू शकतो, आणि या जुन्या यंत्रांचे सुटे भाग मिळवणे अवघड आहे.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. पट्टी छापली गेली आणि बारीक अक्षरांच्या ओळीही पूर्वीसारख्याच आल्या. मात्र आज्ञा दिल्यावर कागद हलायला बराच वेळ लागतो आणि समोर शेतकरी ताटकळत उभा असतो.

प्रतिसाद १

बारीक अक्षरांचे संकेत प्रोग्राम स्वतःच पाठवतो आणि ते या मार्गाने जसेच्या तसे प्रिंटरपर्यंत पोहोचतात, म्हणून छपाई पूर्वीसारखी दिसते. उशिराचे कारण असे की प्रोग्राम पोर्ट बंद करत नाही, त्यामुळे मजकूर संपला की आणखी येणार आहे हे विंडोजला कळत नाही आणि ते काही सेकंद वाट पाहते. विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात त्या रजिस्ट्रीतील ‘कंट्रोल’खालच्या ‘वॉव’ या भागात ‘एलपीटी टाइमआउट’ ही नोंद आहे; तिची किंमत कमी करून संगणक पुन्हा सुरू करावा. फार कमी केल्यास लांब पट्टी मध्येच तुटेल, तेव्हा तीन सेकंदांपासून सुरुवात करावी आणि बदलापूर्वी रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवावी.