मदत हवी आहे: मायएसक्यूएल काढलं तरी जात नाही

घाईत_आहे:
मायएसक्यूएल (डेटाबेस सर्व्हर) काढून परत इन्स्टॉल केलं, तरी जुनाच पासवर्ड मागतंय. पूर्णपणे कसं घालवायचं? उद्या कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचाय. 'गूगल करा' म्हणणाऱ्यांनी लांब राहावं.

कीबोर्डकाका:
कुठलं लिनक्स? कुठली कमांड दिलीस?

घाईत_आहे:
उबुंटू २२.०४. एपीटी रिमूव्ह मायएसक्यूएल-सर्व्हर. दुसरी कुठली देणार?

कीबोर्डकाका:
तिथेच घोळ आहे. मायएसक्यूएल-सर्व्हर हे पोकळ पॅकेज आहे, खरा सर्व्हर मायएसक्यूएल-सर्व्हर-८.० मध्ये असतो. पाटी उतरवलीस, दुकान चालूच आहे. 'डीपीकेजी -एल | ग्रेप मायएसक्यूएल' चालव, मायएसक्यूएलच्या पॅकेजांची यादी येईल, ती इथे चिकटव.

आर्चभक्त:
आमच्या आर्च लिनक्सवर पॅकेज काढायला पॅकमन -आरएनएस, एका झटक्यात साफ. उबुंटू वापरायचंच कशाला?

कीबोर्डकाका:
/व्हार/लिब मधल्या डेटाला तुमचा पॅकमनही हात लावत नाही हो.

रूट_पाटील:
सुडो आरएम -आरएफ /ईटीसी/मायएसक्यूएल. विषय संपला.

कीबोर्डकाका:
पाटील, पोराला खड्ड्यात घालू नका. /ईटीसी मधल्या सेटिंगच्या फाइली हाताने उडवल्या की डीपीकेजी समजतं, मालकाने मुद्दाम काढल्या. मग परत इन्स्टॉल केलं तरी त्या येत नाहीत. आधी पर्ज, म्हणजे पॅकेज सेटिंगसकट काढणं.

रूट_पाटील:
माझं आजवर कुठे अडलं नाही.

मीनल_पुणे:
लिनक्सचे जुने कर्नल (गाभा) साठून /बूट भरलं असेल तर एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज करा. स्नॅप (उबुंटूची दुसऱ्या प्रकारची पॅकेजं) काढतानाही --पर्ज द्या, नाहीतर डेटाचा स्नॅपशॉट ३१ दिवस पडून राहतो.

घाईत_आहे:
ताई, जागेचं कोण विचारतंय इथे??
काका, ८.० पुढे आयआय येतंय, ५.७ पुढे आरसी.

कीबोर्डकाका:
आयआय म्हणजे पॅकेज जागेवर. आरसी म्हणजे पॅकेज गेलं, कॉन्फिग (सेटिंगच्या फाइली) मागे राहिलं. मशीन उबुंटू १८.०४ पासून अपग्रेड होत आलंय बहुतेक, ५.७ तेव्हाचं. जुना डेटा हवाय का?

घाईत_आहे:
लॅपटॉप दादाचा होता. मला काही नको.

कीबोर्डकाका:
तुला नको, दादाला? आधी त्याला विचार. मग सर्व्हिस बंद करून /व्हार/लिब/मायएसक्यूएल ची कॉपी बाजूला ठेव. त्यानंतर सुडो एपीटी पर्ज 'मायएसक्यूएल-सर्व्हर*'. डेटाबेसही काढायचे का असं विचारेल, तिथे हो म्हण. नाही म्हटलंस तर पासवर्ड तसाच राहील, तो डेटाबेसच्याच पोटात असतो. बाकी पॅकेजांचे आरसी उरले असतील ते एपीटी पर्ज '~सी' ने जातात, पण आधी यादी वाच.

निवांत:
फक्त पासवर्ड विसरलाय ना? सर्व्हर स्किप-ग्रँट-टेबल्सने, म्हणजे पासवर्ड न तपासता, चालू करून नवा ठेवता येतो. एवढं उखडायची गरजच नाही.

घाईत_आहे:
हे आधी का नाही सांगितलं कोणी?

आर्चभक्त:
कारण तू 'कसं घालवायचं' विचारलंस.

घाईत_आहे:
दादा म्हणतोय डेटाला हात लावलास तर बघ. निवांत, कमांड पूर्ण लिहा ना प्लीज.