राजा हवा म्हणणाऱ्यांनो, मल्हाररावांचं काय करणार होतात?

पर्वतीपायथा
काल इथे एकाने लिहिलं की लोकशाहीने वाटोळं केलं, भूतानसारखा एक चांगला राजा बसवा, दहा वर्षांत देश सरळ होईल. त्याखाली सदाशिव पेठेपासून वाकडपर्यंतच्या मंडळींचे होकार. दोन ओळींत उत्तर भागणार नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

राजाच्या बाजूने पहिलं नाव येतं शाहू महाराजांचं, दुसरं सयाजीरावांचं. दोघांपुढे मी हात जोडतो. १९०२ मध्ये निम्म्या जागा मागासवर्गीयांना राखून ठेवणं, १९१७ चं सक्तीचं मोफत शिक्षण, बाबासाहेबांना १९१३ मध्ये अमेरिकेत शिकायला पाठवणारी बडोद्याची शिष्यवृत्ती, हे सगळं खरं आहे. पण हे दोघे गादीवर आले कसे ते कोणी सांगत नाही. शाहू महाराज कागलच्या घाटग्यांकडून दत्तक आले. सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून. बडोद्याला दत्तक घ्यायची वेळ आली, कारण आधीच्या मल्हारराव गायकवाडांना १८७५ मध्ये गैरकारभाराचा ठपका ठेवून गादीवरून काढलं होतं. काढलं इंग्रजांनी. बडोद्याच्या रयतेच्या हातात तेव्हा काय होतं? काहीच नव्हतं. ज्या सयाजीरावांची आठवण काढून तुम्ही राजा मागता, ते बडोद्याला मिळाले एका राजाला हटवल्यामुळे, आणि हटवणारा परका होता.

आणि भूतान म्हणता, तर तिथलंच बघा. चौथ्या राजाने २००६ मध्ये स्वतःहून गादी सोडली, २००८ मध्ये निवडणुका झाल्या. तिथल्या संविधानाप्रमाणे राजाला पासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हावं लागतं, संसदेचा ठराव आणि सार्वमत घेऊन त्याला दूरही करता येतं. तुम्ही ज्याचा दाखला देताय त्या राजघराण्यानेच तुमचं म्हणणं सोडून दिलंय.

कोथरूडकर
सोयीचं तेवढं लिहिलंत. निरंकुश राजा आम्हालाही नकोय. प्रश्न आहे तो नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन, जपान यांच्यासारख्या राजाचा. १९०५ मध्ये नॉर्वेच्या गादीसाठी डेन्मार्कच्या राजपुत्राला विचारलं, तर तो म्हणाला, आधी लोकांना विचारा. सार्वमत झालं, लोकांनी मोठ्या बहुमताने हो म्हटलं, मगच तो आला. हाच राजा १९४० मध्ये जर्मनांपुढे उभा राहिला. त्यांच्या बाजूच्या क्विस्लिंगला पंतप्रधान नेमा म्हणाले, तर त्याने मंत्रिमंडळाला सांगितलं, तुम्हाला हे मान्य करायचं असेल तर मी गादी सोडतो. स्पेनमध्ये १९८१ ला बंदूकवाले संसदेत घुसले, त्या रात्री राजा लष्करी गणवेशात टीव्हीवर आला आणि बंड मोडलं.

सर्वोच्च खुर्चीवर कोणत्याच पक्षाचा नसलेला माणूस असणं याची किंमत महाराष्ट्राला मी सांगायला हवी? २०१९ मध्ये राज्यपालांनी उरकलेला पहाटेचा शपथविधी इतक्यात विसरलात?

हिंजवडी_फेज_तीन
कंपनीने मला बँकॉकला पाठवलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिथल्या सहकारी मुलीने जेवताना हळूच सांगितलं, राजवाड्याबद्दल काहीही बोलू नकोस, चांगलंसुद्धा नको. मला वाटलं, अति करतेय. मग तिने कलम ११२ समजावलं. राजघराण्याचा अपमान केला तर प्रत्येक गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षं. फेसबुकवरच्या पोस्टसाठी लोक आत आहेत. थायलंडलाही संविधान आहे, निवडणुका आहेत. कोथरूडकर, तुमच्या यादीत तो देश का नाही?

सातारारोड
राजाला हटवता येत नाही हा एकच मुद्दा घोळवताय. पुण्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं एवढ्या मोठ्या शहराचं बजेट प्रशासकाने मांडलं, प्रशासकानेच मंजूर केलं. त्याला हटवायला तुम्ही काय केलंत? इथले किती जण रस्त्यावर उतरले? लोकशाही नसली तरी पुणेकरांचं छान चाललं होतं, हे आधी कबूल करा.

निवृत्त_अभियंता
चाललंच होतं. आमच्या भागातला रस्ता त्याच काळात झाला. भूमिपूजनाला कोणाची वाट बघायची नाही, पाटीवर कोणाचं नाव आधी यावरून भांडण नाही. पस्तीस वर्षं बांधकामं केली आहेत, त्या अनुभवावरून बोलतोय.

वडगावशेरीची_ताई
काका, तुमच्या बंगल्यापुढचा रस्ता झाला म्हणून शहर चाललं होतं?

आमच्या गल्लीत पावसाळ्यात ड्रेनेजचं पाणी उलटं घरात येतं. आधी आम्ही दहा-बारा बायका उठून नगरसेविकेच्या दारात जाऊन बसायचो. ती चिडायची, पण माणूस पाठवायची, कारण पुढच्या वेळी तिला आमच्याच दारात मतं मागायला यायचं होतं. त्या चार वर्षांत कोणाच्या दारात बसायचं? ऑनलाइन तक्रार टाकली, दोन दिवसांत ‘निराकरण झाले’ असा मेसेज आला, आणि तो वाचताना मी घोटाभर पाण्यात उभी होते. सासूबाईंना त्या पाण्यातून उचलून वरच्या मजल्यावर नेलंय आम्ही. छान चाललं होतं म्हणणाऱ्याने त्या खोलीत एक रात्र काढायला हवी होती.

निवृत्त_अभियंता
तुमच्या त्रासाबद्दल वाईट वाटतं, पण नगरसेविका होती तेव्हा तरी ती लाइन बदलली का? माणूस पाठवून चोकअप काढणं म्हणजे काम नव्हे. लाइनचा व्यास वाढवल्याशिवाय तो प्रश्न सुटत नाही.

वडगावशेरीची_ताई
नाही बदलली. म्हणून तिला पाडायची संधी तरी हवी होती आम्हाला! तीही चार वर्षं दिली नाहीत. व्यासाचं गणित मला शिकवू नका.

सातारारोड
म्हणजे लोकशाहीतही लाइन तशीच आणि प्रशासकातही तशीच. माझंच म्हणणं झालं हे.

हिंजवडी_फेज_तीन
अहो, प्रश्न राजेशाहीचा होता. ड्रेनेजसाठी वेगळा धागा काढा.

वडगावशेरीची_ताई
प्रश्न हाच आहे. ज्याला माझ्या मताची गरज नाही त्याला माझ्या घरातलं पाणी दिसत नाही. त्याला राजा म्हणा नाहीतर प्रशासक म्हणा.

औंधकर_साताऱ्याचे
पुण्यातलं औंध नव्हे, संस्थानाचं औंध. माझे आजोबा तिथे शिक्षक होते. आमच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना दिली आणि बहात्तर गावांचा कारभार पंचायतींच्या हाती सोपवला. इंग्रजांचं राज्य असताना! आटपाडीजवळ कैद्यांसाठी भिंती नसलेली स्वतंत्रपूरची वसाहत त्याच वर्षीची. आजोबा सांगायचे, पहिल्या सभांना लोक बोलायलाच उठायचे नाहीत, राजेसाहेब बसलेत आणि आपण कसं बोलायचं. वर्षभरात तेच लोक विहिरीच्या खर्चावरून भांडायला लागले, आणि आजोबांना त्या भांडणांचा फार अभिमान होता.

सरसकट सगळ्या राजांना मल्हाररावांच्या रांगेत बसवू नका. हे एका माणसाच्या इच्छेने झालं. निवडून आलेल्या कोणी आपली सत्ता अशी वाटल्याचं एक उदाहरण द्या, मग बोलू.

पर्वतीपायथा
औंधकर, भवानरावांना मल्हाररावांच्या रांगेत मी बसवलेलं नाही. पण तुमच्या मते जो राजा सर्वांत मोठा, त्याचं मोठेपण राज्य सोडून देण्यातच आहे ना? शेजारच्या संस्थानात दुसरा कोणी असता तर? तिथल्या रयतेने फक्त नशिबावर राहायचं?

कोथरूडकर, राज्यपालांचा मुद्दा मला खोडता येत नाही. नाइलाजाने मान्य करतो. पण पक्षापलीकडचा राजा वाचवतोच असं नाही. इटलीच्या राजाने १९२२ मध्ये मुसोलिनीच्या माणसांना रोखायच्या लष्करी कायद्याच्या हुकमावर सही नाकारली आणि मुसोलिनीला सरकार बनवायला बोलावलं. लोकांनी त्या घराण्याला १९४६ च्या सार्वमताने घालवलं, तोवर महायुद्ध होऊन गेलं होतं. तुमचे स्पेनचे राजेसाहेब २०१२ मध्ये, देशात बेकारी असताना, बोट्स्वानात हत्तींच्या शिकारीला गेले. २०१४ मध्ये गादी सोडली, २०२० मध्ये देशही.

कोथरूडकर
पण गादी सोडावी लागली ना? लोकांच्या रोषानेच. म्हणजे राजालाही लोकांची भीती असते, हे तुम्हीच सिद्ध केलंत. इटलीचं धरून ठेवा, ते तुमचं. थायलंडचं हिंजवडीवाल्यांना दिलं. नॉर्वे मी सोडणार नाही.

सातारारोड
आणि प्रशासकाच्या प्रश्नाला पर्वतीपायथ्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

पर्वतीपायथा
देतो. ती चार वर्षं आपण गप्प बसलो, हे राजेशाहीच्या बाजूचं प्रमाणपत्र म्हणून तुम्ही वापरताय, त्याचाच मला राग आहे. निवडणूक लांबली तेव्हा कोर्टात आरक्षणाचा वाद होता, प्रभागरचनेचा घोळ होता, पण शेवटी ती झाली, कारण ती घेणं कायद्याने भाग होतं. राजाच्या बाबतीत तुम्ही कोणता कायदा दाखवणार?

वडगावशेरीची_ताई
आता नवे नगरसेवक आलेत. पावसाळ्याच्या आत आम्ही बायका त्यांच्या दारात जाणार आहोत. निवृत्त काका, लाइनच्या व्यासाचं ते गणित कागदावर लिहून द्या, सोबत नेते.

निवृत्त_अभियंता
गल्लीची लांबी, घरं किती आणि उतार कोणत्या बाजूला ते कळवा. उद्या देतो. प्रशासकाबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.