हिरवा चिनी चहा घरी केल्यावर कडू का होतो?

प्रश्न (एम. ए. इतिहास, परभणी)

नमस्कार. प्रकल्पासाठी मी चीनमधील चहापरंपरा हा विषय घेतला, तेव्हा यात नवीन काय असणार, असेच मनात होते. आमच्याकडे दिवसातून चार वेळा आधण चढते. तांग काळातल्या लू यू याने आठव्या शतकात केवळ चहावर 'छा जिंग' हा ग्रंथ लिहिला आणि २०२२ मध्ये युनेस्कोने चीनची पारंपरिक चहानिर्मिती व तिच्याभोवतीचे रीतिरिवाज अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, हे वाचून मी हांगझोऊचा लोंगजिंग चहा मागवला. पातेल्यात पाणी खळखळ उकळवून पत्ती टाकली, झाकण ठेवले आणि पाच मिनिटांनी गाळले. आजीने एक घोट घेऊन विचारले, "काढा कुणासाठी केलास गं?" दोष पत्तीचा की माझा?

उत्तर १ (लातूर)

ताई, पत्तीला बोल लावू नका. लोंगजिंगचे पान गरम कढईत हाताने दाबत, फिरवत भाजलेले असते, त्यामुळे ते हिरवे राहते. त्याला साधारण ८० अंशांचे पाणी पुरते आणि उकळत्या पाण्यात ते कडवट होते. मात्र हा नियम ऊलोंगला, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधल्या प्रकाराला, लावू नका. वैद्यकीय शिक्षणासाठी मी फुजियान प्रांतात होतो, तिथे वर्गमित्राचे वडील ऊलोंगवर उकळतेच पाणी ओतत आणि काही सेकंदांत ते इवल्याशा पेल्यांत काढत; तीच पत्ती सहा-सात वेळा चाले. पहिल्या दिवशी संकोचाने मी प्रत्येक पेला रिकामा करत गेलो आणि ते भरत गेले. पुरे झाले असेल तर पेला भरलेलाच ठेवायचा, हे मला फार उशिरा कळले.

उत्तर २ (रसायनशास्त्र शिक्षक, जालना)

पाणी कुठले वापरले, हे तुम्ही लिहिलेले नाही. आपल्याकडचे बोअरचे पाणी बहुधा जड असते. किटलीच्या तळाशी बसणारा पांढरा थर त्यातल्या क्षारांचाच. अशा पाण्यात चहाचा रंग काळपट होतो, वर तवंग धरतो आणि वास दबतो. दूध-साखरेच्या चहात हे खपून जाते, नुसत्या पत्तीच्या चहात खपत नाही. लू यूने डोंगरातल्या झऱ्याचे पाणी उत्तम, नदीचे मध्यम आणि विहिरीचे कनिष्ठ ठरवले होते. एकाच वेळी दोन पेले करा, एक बोअरच्या पाण्याचा आणि एक जारच्या पाण्याचा. फरक जिभेलाच कळेल.

उत्तर ३ (छत्रपती संभाजीनगर)

प्रकल्पात 'चिनी लोक चहा उकळत नाहीत' असे वाक्य येऊ देऊ नका. लू यूच्या काळी चहाच्या वड्या भाजून, कुटून ती पूड उकळत्या पाण्यात टाकत आणि त्यात थोडे मीठही घालत. दरबाराला नजराणा म्हणून वड्यांऐवजी सुटी पत्ती द्यावी, असा हुकूम मिंग सम्राट होंगवूने १३९१ मध्ये काढला आणि त्यानंतर पत्ती भिजवून पिण्याची रीत सर्वत्र रुळली. जाता जाता: आले, कांदा, पुदिना घातलेल्या चहाला लू यू गटारात फेकलेले पाणी म्हणतो, त्यामुळे आल्याच्या चहाची बाजू त्याच्यापुढे मांडणे कठीणच आहे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. पाणी बोअरचेच होते. आज जारचे पाणी उकळून जरा निवू दिले आणि दोन मिनिटांत गाळले. रंग फिकट पिवळा आला, वास भाजलेल्या हरभऱ्यासारखा. दुसऱ्या पाण्यानंतर मी पत्ती तुळशीत टाकायला निघाले, तर आजी म्हणाली, "थांब, अजून एकदा पाणी ओत."